मिशी पुसलेला हुकूमशहा



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आयुष्यभर भाषा शिकवत होत्या. मीही पुण्यात तीस वर्षं जर्मन शिकवली. तेव्हा आज ग्योथे किंवा ब्रेख्त यांच्याविषयी काही ऐकायला मिळेल असं अनेकांना वाटलं असेल. मी मात्र तुम्हांला एका दुकानात नेणार आहे. हे दुकान संगणकाच्या पडद्यावर उघडतं, तिथे गेम विकले जातात, आणि मागच्या रांगांतल्या तरुण मंडळींपैकी बहुतेकांचं तिथे खातं असेल. स्टीम, गॉग, प्लेस्टेशन स्टोअर अशी त्यांची नावं. ही दुकानं जर्मनीत शिरताना काय बदलतात, काय झाकतात आणि काय गाळतात, हा आजचा विषय. परक्या मुलखात काय बोलायचं आणि काय गिळायचं, हा प्रश्न मुळात भाषेच्या शिक्षकाचाच आहे, म्हणून तो बाईंच्या स्मृतीला वाहायला मला संकोच वाटत नाही.

सुरुवात एका चेहऱ्यापासून करतो.

२०१७ सालच्या ऑक्टोबरात 'वुल्फेन्स्टाइन टू : द न्यू कोलॉसस' नावाचा गेम जगभर विक्रीला आला. त्यातली कल्पना अशी की, दुसरं महायुद्ध नाझींनी जिंकलं आहे, अमेरिकाही त्यांच्या ताब्यात गेली आहे, आणि आपला नायक त्यांच्याशी लढतो आहे. या नायकाची आई ज्यू आहे. गेममध्ये एका प्रसंगात म्हातारा, खंगलेला, भ्रमिष्ट हिटलर आपल्यासमोर येतो. जगातल्या सगळ्या खेळाडूंना तो हिटलर म्हणूनच दिसला. जर्मनीतल्या खेळाडूंना मात्र बिनमिशीचा एक म्हातारा दिसला. त्याचं नाव 'हेर हाइलर'. भोवतालचे लोक त्याला 'फ्यूरर' न म्हणता 'कान्सलर' म्हणत होते. नाझींना नाव उरलं नव्हतं, नुसती 'राजवट' उरली होती. भिंतींवरच्या झेंड्यांवर दुसरीच चिन्हं आली होती. आणि ज्यूंचा छळ? त्याचे उल्लेखही काढले होते.

जरा विचार करा. नाझींच्या विरुद्ध लढण्याचा गेम, आणि त्यातून नाझी गेले, ज्यू गेले, हिटलरची मिशी गेली. कुठे? तर ज्या देशात हे सगळं प्रत्यक्ष घडलं, नेमकं तिथेच.

हे कुणी केलं? सरकारनं? नाही. न्यायालयानं? नाही. त्या गेमच्या बाबतीत असा आदेश कुणीही काढलेला नव्हता. तो बदल प्रकाशकांनी स्वतःहून केला होता. जर्मन भाषेत यासाठी एक शब्दप्रयोग आहे : डोक्यातली कात्री. बाहेरचा कुणी कापायच्या आत माणूस स्वतःच्याच डोक्यात कापून मोकळा होतो. ही कात्री तिथे कशी आली, ते समजून घेतल्याशिवाय या दुकानांचं वागणं कळणार नाही.

जर्मन राज्यघटना, म्हणजे ग्रुंडगेझेट्स, १९४९ ची. तिच्या पाचव्या कलमात अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे आणि पूर्वतपासणी होणार नाही अशी स्पष्ट ग्वाही आहे. लगेच पुढे मर्यादाही आहेत : सर्वसाधारण कायदे, व्यक्तीची प्रतिष्ठा आणि तरुणांचं संरक्षण. शब्द लक्षात ठेवा, तरुणांचं संरक्षण. ज्या पिढीनं हिटलर युगेंड या नाझी युवक संघटनेच्या गणवेशातली मुलं पाहिली होती, तिनं ही घटना लिहिली. तरुणांच्या मनाची काळजी हा तिच्या दृष्टीनं शाळामास्तरांचा किरकोळ विषय नव्हता.

त्यानंतर फौजदारी संहिता. तिचं कलम ८६ अ सांगतं की, घटनाविरोधी ठरलेल्या संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरली, पसरवली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. यात झेंडे आले, गणवेश आले, घोषणा आणि सलामही आले.

आता सभागृहातल्या अनेकांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. माझी एक जुनी विद्यार्थिनी श्टुटगार्टला राहते. तिथल्या पहिल्या दिवाळीत तिनं मला फोन केला : "सर, दारात रांगोळी काढते आहे. स्वस्तिक काढू का?" कसा सोपा प्रश्न आणि किती जड! जर्मन माणूस नाझी चिन्हाला स्वस्तिक म्हणत नाही, हाकेनक्रॉयझ म्हणतो, म्हणजे हुकांसारख्या आकड्यांचा क्रूस. कायद्यात कुठल्याही चिन्हाचं नाव घेतलेलं नाही. बंदी आहे ती विशिष्ट संघटनांच्या चिन्हांवर. दिवाळीच्या रांगोळीला तो कायदा लागू नाही. पण शेजारच्या आजींना हे कसं कळावं? मी तिला म्हटलं, काढ, आणि शेजारी फराळाचं ताट घेऊन जा. नुसतं चिन्ह पाहून अर्थ लागत नसतो. ते कुणी, कुठे, कशासाठी काढलं, यावर तो ठरतो.

आणि हे जर्मन न्यायाधीशांनाही ठाऊक आहे. त्याच श्टुटगार्टमध्ये टपालानं माल पाठवणाऱ्या एका विक्रेत्यावर खटला झाला होता. तो नाझी चिन्हावर काट मारलेले, ते चिन्ह कचऱ्यात टाकणारे बिल्ले आणि कापडी तुकडे विकायचा. म्हणजे माणूस नाझीविरोधी. तरी खालच्या न्यायालयानं त्याला दंड केला. मार्च २००७ मध्ये सर्वोच्च पातळीवरच्या बुंडेसगेरिश्ट्सहोफनं तो रद्द केला. विरोध जिथे उघड दिसतो तिथे चिन्हाचा वापर गुन्हा नाही, असं त्यानं सांगितलं.

शिवाय कायद्यातच एक अपवाद आहे. कला, विज्ञान, संशोधन, शिक्षण, इतिहासाचं आणि चालू घडामोडींचं कथन, अशा कारणांसाठी ही चिन्हं दाखवता येतात. म्हणून तर 'डेर उंटरगांग' हा हिटलरच्या शेवटच्या दिवसांवरचा चित्रपट २००४ साली जर्मनीत बनला आणि तिथल्या चित्रपटगृहांत चालला. 'इनग्लोरियस बास्टर्ड्स' २००९ साली तिथे पडद्यावर नाझी झेंड्यांसकट लागला. झेंडे नव्हते ते फक्त बाहेरच्या पोस्टरवर. आत कला, बाहेर जाहिरात. रेषा किती बारीक आहे पाहा.

मग गेमला हा अपवाद का मिळाला नाही?

१९९२ साली 'वुल्फेन्स्टाइन थ्री-डी' आला. तळघरातल्या गल्ल्या, नाझी पहारेकरी, आणि भिंतीभिंतीवर ते चिन्ह. १९९४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं तो जप्त करण्याचा आदेश दिला. १९९८ मध्ये फ्रँकफुर्टच्या वरिष्ठ न्यायालयानं त्याच गेमबद्दल जे म्हटलं, ते पुढची वीस वर्षं सगळ्या उद्योगाच्या मानगुटीवर बसलं. न्यायालयाचा मुद्दा असा की, गेममध्ये ही चिन्हं चालू दिली तर मुलं त्यांच्या संगतीत वाढतील आणि त्यांना त्यांची सवय होईल. मला हा युक्तिवाद खोटा वाटत नाही. सवय ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यामागे एक गृहीतक होतं : चित्रपट पाहणारा विचार करतो आणि गेम खेळणारा फक्त खेळतो. गेम म्हणजे खेळणं, आणि खेळण्याला कलेचा अपवाद कसा देणार?

आणि नाझी चिन्हांचा हा एक धागा झाला. दुसरा धागा हिंसेचा. तरुणांना घातक पुस्तकं, मासिकं तपासणारी एक सरकारी कचेरी तिथे १९५४ पासून आहे. तिची नावं बदलत गेली, तिची यादी राहिली. लोक तिला नुसतं 'इंडेक्स' म्हणतात. १९८४ साली या यादीत 'रिव्हर रेड' गेला. कॅरल शॉ या बाईंनी बनवलेला हा गेम. वरून दिसणारी निळी नदी, तीवर एक इवलंसं पिवळं विमान, चौकोनी ठिपक्यांची जहाजं. मुलांना यातून युद्धाची तालीम मिळते असा आक्षेप होता. २००२ साली तो यादीतून बाहेर आला. 'डूम' १९९४ मध्ये यादीत गेला, २०११ मध्ये सुटला.

यादीत जाणं म्हणजे बंदी नव्हे, हे जर्मन लोक आवर्जून सांगतात. प्रौढ माणूस तो गेम विकत घेऊ शकतो. मात्र दुकानदारानं तो फळीवर मांडायचा नाही, त्याची जाहिरात करायची नाही, कुणी मागितला तरच काउंटरखालून काढून द्यायचा. गल्लीतल्या दुकानात हे जमतं. दुकानदार गिऱ्हाइकाचं तोंड पाहतो, वय ओळखतो, ओळखपत्र मागतो. पण ऑनलाइन दुकानाला काउंटरखालची जागा कुठून असणार? तिथे वस्तू एक तर दिसते, नाही तर नसते. म्हणून यादीत जाणं हे व्यवहारात मरणच झालं, आणि प्रकाशकांनी आधीच कापायला सुरुवात केली. 'हाफ-लाइफ' च्या जर्मन आवृत्तीत सैनिकांच्या जागी यंत्रमानव आले. 'कमांड अँड कॉन्कर : जनरल्स' २००३ साली यादीत गेला, मग तो 'गेनेरेले' नावानं पुन्हा आला, आणि त्यातले शिपाई माणसं न राहता सायबॉर्ग झाले. एका अख्ख्या पिढीला वाटत राहिलं की युद्धात यंत्रं मरतात.

२००२ च्या एप्रिलमध्ये एरफुर्टच्या एका शाळेत गोळीबार झाला आणि देश हादरला. त्यानंतर २००३ पासून वयाचे शिक्के कायद्यानं बंधनकारक झाले. ते काम यूएसके ही बर्लिनची संस्था करते. शून्य, सहा, बारा, सोळा, अठरा. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल. एकदा शिक्का मिळाला की तो गेम इंडेक्समध्ये टाकता येत नाही, म्हणून प्रकाशकांना या शिक्क्याचं मोल. पण जिथे नाझी चिन्ह दिसेल तिथे यूएसके शिक्का द्यायलाच तयार नव्हती. फ्रँकफुर्टची सावली तिच्यावरही होती.

गिऱ्हाइकानं काय केलं? त्यानं सीमा ओलांडली. ऑस्ट्रियातही भाषा जर्मनच. तिथल्या टपाली दुकानांतून न कापलेला गेम घरी यायचा. मग आली ऑनलाइन दुकानं, आणि त्यांनी सीमाच डब्यात घातली. २०१४ चा 'वुल्फेन्स्टाइन : द न्यू ऑर्डर' आला तेव्हा त्याची आंतरराष्ट्रीय प्रत जर्मनीत आणि ऑस्ट्रियात सुरूच होणार नाही अशी कडी घातलेली होती. तुमचा संगणक कुठल्या देशातून बोलतो, हे दुकान पाहतं आणि दार लावतं. अशी कडी केवळ कायद्यासाठीच घातली जाते असं समजू नका. पूर्व युरोपातल्या स्वस्त प्रती पश्चिमेत चालू नयेत म्हणूनही ती घातली गेली, आणि त्याबद्दल युरोपीय आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्हला आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला.

तर अशी ही कोंडी. ती फुटली कशी? एका लहानशा, विनोदी ब्राउझर गेमनं. २०१७ च्या निवडणुकीच्या वेळी सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या तरुणांसाठीच्या शाखेनं जर्मन पुढाऱ्यांची मारामारी दाखवणारा एक गेम काढला. त्यात एका पुढाऱ्याचं शरीर क्षणभर नाझी चिन्हासारखं वळायचं. तक्रार झाली. आणि श्टुटगार्टच्या वरिष्ठ सरकारी वकिलांच्या कचेरीनं सांगितलं की, इथे कलेचा अपवाद लागू होतो, खटला भरणार नाही. एवढंच. संसदेत नवा कायदा झाला नाही. कायद्याचा शब्दही बदलला नाही. वाचणाऱ्यांनी तेच वाक्य नव्यानं वाचलं.

९ ऑगस्ट २०१८ रोजी यूएसकेनं जाहीर केलं की यापुढे प्रत्येक गेम वेगळा पाहिला जाईल. चिन्ह आहे का, एवढाच प्रश्न नाही. ते तिथे का आहे, हा प्रश्न. त्याच महिन्यात कोलोनच्या गेम्सकॉम प्रदर्शनात 'थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स' मांडला गेला. बर्लिनच्या एका लहान चमूनं बनवलेला हा गेम. १९३३ च्या बर्लिनमध्ये काही साधी माणसं गुप्तपणे एकत्र येतात, पत्रकं वाटतात, पैसे जमवतात, पकडली जातात. जर्मन इतिहास, जर्मन कर्ते, आणि ते चिन्ह आपल्या खऱ्या रूपात, कारण त्या काळचं बर्लिन त्याच्याशिवाय दाखवणं म्हणजे खोटं बोलणं.

दुसरं उदाहरण माझ्या मनाजवळचं आहे. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठानं आणि झेक विज्ञान अकादमीनं मिळून 'आटेंटाट १९४२' बनवला. नाझी अंमलाखालच्या झेक घरांची ही गोष्ट. तुम्ही नातवंड असता आणि आजी-आजोबांना विचारत जाता : तेव्हा काय झालं, पोलीस का आले, कुणी नाव सांगितलं? इतिहासकारांनी तपासलेला, शिकवण्यासाठी बनवलेला गेम. २०१७ मध्ये तो निघाला तेव्हा जर्मनीत विकता येत नव्हता. ज्या देशाच्या नातवंडांनी हा प्रश्न आजोबांना सर्वांत आधी विचारायचा, त्यांच्याच पडद्यावर दार बंद. २०१८ च्या बदलानंतर ते उघडलं. आणि १९९४ चा तो जप्तीचा आदेश? म्युनिकच्या न्यायालयानं तो २०१९ मध्ये मागे घेतला. त्याच सुमारास 'न्यू कोलॉसस' ही जर्मनीत न कापता मिळू लागला. हेर हाइलरला मिशी परत मिळाली.

इथवर मी मजकुराच्या कायद्यांबद्दल बोललो. भाषेचे कायदे वेगळे आहेत, आणि ते दुकानाच्या थेट गल्ल्यावर येतात. श्टुटगार्टची माझी विद्यार्थिनी आता लहान लहान गेमांचं आणि त्यांच्या दुकानातल्या मजकुराचं जर्मन करते. तिनं एकदा विचारलं, "सर, खरेदीच्या बटणावर 'पुढे' लिहिलं तर चालेल?" नाही चालणार! १ ऑगस्ट २०१२ पासून जर्मन नागरी संहितेत नियम आहे की, ज्या बटणानं पैसे देण्याचं बंधन येतं, त्यावर 'त्सालुंग्सफ्लिख्टिश बेश्टेलेन' असं, किंवा तितकंच निःसंदिग्ध काही लिहिलेलं असावं. मराठीत सांगायचं तर 'पैसे देण्याच्या बंधनासह मागणी'. 'कौफेन', म्हणजे 'विकत घ्या', चालतं. नुसतं 'मागणी नोंदवा' चालत नाही. बटणावरचा शब्द चुकला तर करारच होत नाही. फुकट म्हणून नाव नोंदवायला लावायचं आणि मग वर्षाचं बिल पाठवायचं, अशा फसवणुकीला आळा घालायला हा नियम आला. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की, निर्णय बटणावरच्या शब्दांवरूनच करायचा. भोवती पानभर काय लिहिलं आहे ते पाहायचं नाही.

मला हा कायदा फार आवडतो. दोन शब्दांत एक समाज आपल्या माणसाला सांगतो : थांब, इथे तुझे पैसे जाताहेत. ही भाषेची खरी चाकरी. अटी-शर्तींचंही तसंच. बर्लिनच्या कामरगेरिश्ट या वरिष्ठ न्यायालयानं २०१६ मध्ये व्हॉट्सअॅपच्या खटल्यात ठरवलं की, जर्मन भाषेत सेवा देता आणि कराराच्या अटी मात्र इंग्रजीत ठेवता, तर त्या जर्मन ग्राहकावर बंधनकारक नाहीत. बाकीचं दुकानाला अंगवळणी पडतं : किंमत करासह दाखवायची, दशांशाला टिंब नाही तर स्वल्पविराम. आणि लांबलचक जर्मन शब्द बटणात मावला नाही, तर शब्द छाटायचा नाही, बटण मोठं करायचं.

आता मी ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं, त्याकडे येतो.

२०२१ च्या मे महिन्यात तरुण-संरक्षण कायदा बदलला. दहा लाखांहून अधिक जर्मन वापरकर्ते असलेल्या गेमच्या दुकानांनी प्रत्येक गेमवर वय दाखवलंच पाहिजे. हेतू चांगला आहे. २०२३ पासून यूएसके वय ठरवताना आत काय खरेदी करायला लावतात, अनोळखी माणसं मुलांशी बोलू शकतात का, हेही पाहते. आईबापांना याची गरज आहे. पण स्टीमवर हजारो गेम आहेत, आणि प्रत्येक गेम माणसानं बसून पाहणं शक्य नाही. म्हणून प्रश्नावली आली. कर्त्यानं ती भरायची, यंत्रानं वय काढायचं. आणि १५ नोव्हेंबर २०२४ पासून, ज्या गेमला यूएसकेचा शिक्का नाही आणि ज्याची प्रश्नावली भरलेली नाही, तो गेम जर्मन गिऱ्हाइकाला स्टीमवर दिसेनासा झाला. आधी घेतलेल्यांकडे तो राहिला. नव्यांना तो नाही.

ही प्रश्नावली कोण भरणार? मोठा प्रकाशक भरतो. ज्यानं दहा वर्षांपूर्वी एकट्यानं, रात्री जागून एक लहान गेम बनवला आणि मग दुसरी नोकरी धरली, तो? जो आता हयातच नाही, तो? २०१८ मध्ये जर्मनीनं अवघड, खर्चिक, पण प्रामाणिक मार्ग स्वीकारला होता : प्रत्येक गेम पाहू, संदर्भ पाहू, मग ठरवू. नाझी चिन्ह असलेल्या गेमला ती वागणूक मिळाली. कुणालाही न दुखावणाऱ्या, फुलं लावण्याच्या एखाद्या गेमला मात्र ती मिळत नाही, कारण त्याच्याकडे पाहायला कुणी नाही. यात सरकारचा दोष किती आणि दुकानाचा किती, यावर वाद घाला. माझं म्हणणं दुकानाला आहे. वय न ठरलेला गेम अठराच्या वरच्यांना दाखवा, त्यासाठी वयाची खरी खात्री करा. जर्मनीत टपाल कचेरीतून ओळख पटवण्याची सोय आहेच. जन्मतारखेच्या रकान्यात कुणीही काहीही निवडतं, ते तिथे पुरत नाही, हे दुकानाला ठाऊक आहे. खात्रीची यंत्रणा महाग पडते, कडी फुकट असते. म्हणून कडी.

बिनमिशीच्या हेर हाइलरकडे पाहून निदान कळत तरी होतं की इथे काहीतरी पुसलं आहे. लोक चिडले, लिहिते झाले, आणि बदल झाला. न दिसणाऱ्या गेमवर कोण चिडणार? जर्मनीतला पोरगा शोधखिडकीत त्याचं नाव टाकेल तेव्हाच त्याला कळेल, आणि नाव टाकायला ते आधी ठाऊक असावं लागतं.

गेल्या दिवाळीत माझ्या विद्यार्थिनीचा नेहमीप्रमाणे फोन आला. रांगोळी झाली होती, फराळ शेजारी पोचला होता. बोलता बोलता म्हणाली, "सर, मी जर्मन केलेले तीन गेम इथे दिसत नाहीत. माझंच भाषांतर मला दुकानात सापडत नाही." तिनं त्या तिघांच्या कर्त्यांना पत्रं लिहिली : प्रश्नावली एवढी भरा, अर्धा तास लागेल, अडलं तर मी मदत करते. दोघांची उत्तरं आली, त्यांचे गेम परत दिसू लागले. तिसऱ्याचा पत्ता जुना आहे. ती अजून शोधते आहे.